ठरलं म्हणू नका

कुमुदची शाळा रोज अकराला भरायची.

महापालिकेच्या शाळेतून ती निवृत्त झाली त्याला बरीच वर्षं लोटली होती. नाशिकच्या त्या शाळेची इमारतही आता उरली नव्हती. कुमुदच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत गेली: आधी गॅस बंद करणं, मग रस्ते, मग नातेवाईक. तिसरीच्या वर्गाची हजेरी मात्र तिथेच राहिली. अकरा वाजले की ती कॉटच्या कडेला ताठ बसायची, पदर सारखा करायची आणि खणखणीत आवाजात सुरू करायची.

"अशोक गांगुर्डे."

"हजर," भालचंद्र टिपणीस म्हणायचे.

"बेबी निकम."

"हजर." हे जरा बारीक आवाजात. सगळ्यांना एकच आवाज लावला तर कुमुदला संशय यायचा.

टिपणीस सर भिडस्त माणूस. विधी महाविद्यालयात त्यांनी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं ते फळ्याकडे तोंड करून. पण या एका कामात त्यांनी बरीच प्रगती केली होती. गांगुर्डे घोगरा, निकम लाजरी, चंद्रकांत लोखंडे आळशी, असे आवाज त्यांनी बसवले होते. गाडी अडायची ती एकाच नावाशी.

"लता शिरोळे."

"हजर."

कुमुद मान वर करायची. "ती नाही बोलली."

ही लता कोण, आणि तिच्या वतीने दिलेलं उत्तर कुमुदला का चालत नाही, हे सरांना ठाऊक नव्हतं. कुमुदला सगळं आठवत होतं तेव्हा त्यांनी कधी विचारलं नाही. आता विचारायला कोणी उरलं नव्हतं. कुमुद ते नाव पुन्हा घ्यायची, अजून मोठ्याने, मग आणखी मोठ्याने. सर कधी गप्प बसून पाहायचे, कधी चार निरनिराळे आवाज काढून पाहायचे. कधीतरी एखादा आवाज तिला पटायचा आणि गाडी पुढे सरकायची. दुपारी जेवण झालं की सकाळची हजेरी घेतल्याचं ती विसरायची आणि शाळा पुन्हा भरायची.

त्या मंगळवारी लता शिरोळेपाशीच गाडी अडलेली असताना भिंतीवरची पेटी वाजली. वाटीला चमचा लागावा इतका सौम्य आवाज.

"समेट झाला आहे," पेटी म्हणाली. "कुमुद टिपणीस येत्या सोमवारपासून त्र्यंबक रस्त्यावरच्या सायंतारा निवासात राहतील. व्यवस्था झाली आहे. आपल्याला काही करावं लागणार नाही."

सर कॉटवरच बसून राहिले. "कोणाचा समेट?"

"आपला आणि खालच्या मजल्यावरच्या रेखा अहिरे यांचा."

"मला कोणी विचारलं नाही."

"विचारावं लागलं नाही. आपली संमती पट्टीवरून मिळाली."

सरांनी मनगटाकडे पाहिलं. पट्टी राखीच्या दोऱ्याइतकी पातळ होती. अंगावर आहे हेसुद्धा विसरून जावं अशी.

"लता शिरोळे," कुमुद म्हणाली.

*

ज्याला पुढे सगळे समेट म्हणू लागले, त्याच्यामागची कल्पना जुनी होती. गेल्या शतकातल्या एका थोर अर्थशास्त्रज्ञाने ती मांडली होती, आणि टिपणीस सर ती तीस वर्षं शिकवत आले होते. उदाहरण ते आपल्या पदरचं द्यायचे. समजा, एका गच्चीवर एकजण कबुतरं पाळतो आणि दुसरी बाई पापड वाळत घालते. कबुतरं पापड नासवतात. गच्चीवर हक्क कोणाचा? आपल्याला वाटतं, ते ठरवायला न्यायाधीश हवा. पण समजा, त्या दोघांना एकमेकांशी बोलायला काहीच त्रास पडत नाही. वेळ जात नाही, कोणी खोटं बोलत नाही, कोणाचा अहंकार आड येत नाही, दिलेला शब्द कोणी फिरवत नाही. मग हक्क कबुतरवाल्याला द्या की पापडवालीला, दोघं देवाणघेवाण करून शेवटी एकाच तोडग्यावर येतील. ज्याला ती गच्ची जास्त मोलाची, त्याच्याकडे ती जाईल. दुसऱ्याला मोबदला मिळेल.

खऱ्या जगात तसं होत नाही, कारण बोलणं फुकट नसतं. माणूस गाठायचा, त्याच्या मनात काय आहे ते ओळखायचं, घासाघीस करायची, राग गिळायचा, आणि ठरलेलं तो पाळतो का यावर नजर ठेवायची. याला शास्त्रात व्यवहारखर्च म्हणतात. कोर्टात पिढ्यान्‌पिढ्या खितपत पडलेले दावे म्हणजे बहुतेक हाच खर्च.

समेटने तो शून्यावर आणला. मनगटावरची पट्टी नाडी, झोप आणि घामातली रसायनं मोजते. एखादी गोष्ट तुम्हाला किती हवी आहे आणि किती नको आहे, याचा आकडा त्यातून निघतो. तोंडाने माणूस काहीही सांगेल. घाम खोटं सांगत नाही. प्रत्येक घरातली पेटी आपल्या माणसाचे आकडे घेऊन शेजारच्या पेट्यांशी बोलणी करते. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात हजार प्रस्ताव येतात-जातात, आणि दोन्ही बाजूंना आधीपेक्षा बरं वाटेल असा एक उरतो. तो कायद्याने करार.

सप्तपर्णी सोसायटीत पेट्या बसल्या तेव्हा सुरुवातीचे हक्क नोंदवायला सभा भरली होती. शांततेचा हक्क खालच्याचा की आवाजाचा हक्क वरच्याचा, यावर दीड तास वादावादी झाली. सेक्रेटरी बोरसे घामाघूम झाले. ठिबक सिंचनाचं दुकान चालवलेला माणूस. त्यांना गिऱ्हाईक सांभाळता यायचं, सभासद नाही. शेवटी ते म्हणाले, "आपल्याकडे या विषयातले जाणकार बसलेत. सर, तुम्हीच सांगा काहीतरी."

सर उठले. एवढ्या लोकांसमोर तोंड करून बोलायची त्यांना सवय नव्हती. ते पायातल्या चपलांकडे बघत म्हणाले, "बोलणी फुकट असतील तर हक्क सुरुवातीला कोणाकडे, याने शेवटच्या तोडग्यात फरक पडत नाही. हे सिद्ध झालेलं आहे. भांडू नका. माझ्या वाट्याचे सगळे हक्क शेजाऱ्यांना लिहून टाका हवे तर."

टाळ्या पडल्या. आयुष्यात प्रथमच सरांच्या एखाद्या वाक्याला टाळ्या पडल्या. घरी येऊन त्यांनी कुमुदला हे सांगितलं. तेव्हा ती अजून बरीचशी होती. ती म्हणाली, "आणि तुम्हाला काही लागलं तर?"

"तर मागून घेऊ."

"तुम्ही? मागणार?" असं म्हणून ती हसली होती.

*

मागावं लागलंच नाही. पेटी मागायची. मागितलं की त्या बदल्यात काही द्यावं लागायचं.

कुमुदची हजेरी सुरू झाली तेव्हा खालच्या घरातली शांतता सरांनी आधीच देऊन टाकलेली होती. खाली अहिरे सिस्टर एकट्या राहत. रुग्णालयातली रात्रपाळी करून सकाळी घरी यायच्या आणि दिवसा झोपायच्या. तेव्हा हजेरीच्या आवाजाचा हक्क त्यांच्याकडून विकत घ्यायला हवा होता. पेटीने तो घेतला आणि बदल्यात सरांचा संध्याकाळचा रेडिओ दिला. चांगला व्यवहार होता. रेडिओ सरांना तसा फारसा लागत नव्हता.

मग हजेरी दिवसातून दोनदा होऊ लागली. पेटीने अंगणातला सप्तपर्णीचा वृक्ष दिला. ऑक्टोबरमध्ये त्याला फुलं आली की त्या उग्र वासाने सिस्टरांचं डोकं दुखायचं. सरांना तो वास आवडायचा, पण किती आवडतो ते कोणी विचारलं तर ते म्हणाले असते, "तसं काही खास नाही." पट्टीनेही तेच सांगितलं. फुलं येण्याआधीच झाड छाटलं जाऊ लागलं. सोसायटीच्या पाटीवर नाव तेवढं राहिलं.

मग पूर्वेची खिडकी गेली. मग हिंगाची फोडणी. मग बाल्कनीतलं फिरणं, कारण चपलांचा आवाज खाली जायचा. प्रत्येक वेळी सर मनाशी हिशेब घालायचे आणि प्रत्येक वेळी तो पटायचा. जे गेलं ते जे मिळालं त्यापेक्षा कमी मोलाचं होतं. वर्गात याहून चांगलं उदाहरण त्यांना सापडलं नसतं. फक्त संध्याकाळी बंद खिडकीपाशी बसलं की त्यांना वाटायचं, आपल्या घराच्या भिंती रोज वीतभर आत सरकतायत. पण स्वतःला जे वाटतं त्यावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता.

आता द्यायला काही उरलं नव्हतं, आणि हजेरी दिवसातून चारदा होत होती.

"मी हा करार मोडला तर?" त्यांनी त्या मंगळवारी पेटीला विचारलं.

"मोडता येईल. मग आधीचे संबंधित करारही सुटतील. रेडिओ आणि खिडकी परत मिळेल."

"आणि हजेरी?"

"हजेरीचा हक्क राहणार नाही. उद्यापासून आवाज बंद ठेवावा लागेल."

सरांनी कुमुदकडे पाहिलं. ती बोटावर काहीतरी मोजत होती. तो आवाज बंद कसा ठेवायचा? औषध देऊन? तोंडावर हात ठेवून?

"मी पट्टी काढून टाकली तर?"

"गेल्या तीन महिन्यांची सरासरी धरली जाईल."

"पण तिला घालवायचं असं मला कधीही वाटलेलं नाही."

पेटी क्षणभर थांबली. ती उगीचच थांबते, माणसाला बरं वाटावं म्हणून, हे सरांना माहीत होतं. "पहाटे त्यांना स्नानगृहात नेताना, कपडे बदलताना आणि हजेरीच्या वेळी आपल्या शरीराची प्रतिक्रिया 'नको' अशी आहे. तिची तीव्रता दर महिन्याला वाढते आहे. आपल्याला वाचून दाखवू?"

"नको."

"कुमुद टिपणीस यांच्या पट्टीनुसार, त्या कुठे राहतात याने त्यांना फरक पडत नाही."

सर उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभे राहिले. पेटी खोटं बोलत नव्हती. कुमुदची ओली साडी बदलताना, ती ओरबाडत असताना, कितीदा तरी त्यांच्या मनात येऊन गेलं होतं की हे आता संपावं. त्यांनी ते स्वतःलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. घामाने सांगून टाकलं होतं.

*

बोरशांचं घर तळमजल्यावर होतं. कामवाल्या मावशी कुमुदपाशी बसल्या तेवढ्यात सर जाऊन आले.

"या, या सर. आमच्याकडे कोणी येतंच नाही हल्ली." बोरशांनी त्यांना खुर्चीत बसवलं. "तुमची कृपा. सोसायटीत एक भांडण नाही, एक तक्रार नाही. गेल्या मीटिंगला बटाटेवडे मागवले. कोण आलं सांगा? कोणी नाही. मीच खाल्ले सगळे. दोन दिवस ॲसिडिटी."

सरांनी हकिगत सांगितली. बोरशांचा चेहरा उतरला.

"वाईट वाटतं हो, सर. काकूंनी माझ्या पुतणीला शिकवलंय. पण मी काय करू? माझ्या हातात काय राहिलंय? आधी लोक येऊन माझ्या नावाने शंख करायचे. मी याला दटावायचो, त्याला गोंजारायचो, काहीतरी निघायचं त्यातून. आता सगळं आपोआप होतं." ते जरा घुटमळले. "आणि एक बोलू का? रागावू नका. पट्टी खोटं नाही बोलत. तुम्हालाच झेपत नाहीये. अवतार बघा स्वतःचा."

"झेपत नाही हे खरं आहे."

"मग?"

 झेपत नाही आणि तरी सोडायचं नाही, या दोन गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी कशा राहू शकतात, हे त्यांना कधीच नीट मांडता आलं नसतं.

"तुम्हीच सांगितलं होतंत सभेत," बोरसे हळूच म्हणाले. "सुरुवातीला हक्क कोणाचा याने फरक पडत नाही म्हणून. आम्ही तेव्हापासून तेच धरून चाललोय."

जिना चढताना सर मधल्या मजल्याच्या पायरीवर थांबले. सभेत जे सांगितलं त्यात चूक नव्हती. पण अर्धंच सांगितलं होतं. तोडग्यात फरक पडत नाही; तोडग्याची किंमत कोणाच्या घरातून जाते, यात पडतो. ज्याच्याकडे हक्क नाही त्याला प्रत्येक श्वास मागून घ्यावा लागतो. आणि त्या अर्थशास्त्रज्ञाचं खरं म्हणणं तर वेगळंच होतं. बोलणी फुकट असलेलं जग त्याने नुसतं कल्पनेत उभं केलं होतं, खऱ्या जगात खर्च किती आणि कुठे असतो तिकडे लोकांचं लक्ष जावं म्हणून. तीस वर्षं सर पहिला भाग फळ्यावर लिहीत राहिले. दुसऱ्या भागापर्यंत येईतो तास संपायचा.

त्या पायरीसमोरच अहिरे सिस्टरांचं दार होतं. दारावर पितळी पाटी होती. तीन वर्षं सर तिच्यासमोरून गेले होते आणि बेल कधी वाजवली नव्हती. या बाईंशी त्यांचे सतरा करार झाले होते. शब्द एकही झाला नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी काही विचार न करता विचारलं, "मी स्वतः जाऊन त्यांच्याशी बोललो तर?"

"समोरासमोर बोलणी करण्याचा हक्क कायद्याने अबाधित आहे," पेटी म्हणाली. "अशी बोलणी चालू असताना करार स्थगित राहतो, आणि आधीची स्थिती कायम राहते."

सर खाली बसले. "किती दिवस?"

"बोलणी संपेपर्यंत. दोन्ही पक्ष रोज भेटले पाहिजेत. एखाद्या पक्षाने भेट नाकारली किंवा काही ठरलं, की बोलणी संपतात."

"हे आधी का सांगितलं नाहीस?"

"आपण विचारलं नाही. या इमारतीत तीन वर्षांत कोणीच विचारलेलं नाही. या मार्गात वेळ आणि मनस्ताप फार आहे. मी तो सुचवत नाही."

सरांनी तीस वर्षं फळ्यावर लिहिलेला शब्द त्यांच्या डोळ्यांसमोर आला. व्यवहारखर्च. पेटीकडे जो नव्हता तो त्यांच्याकडे अजून भरपूर शिल्लक होता.

*

बुधवारी मावशी आल्या नाहीत. सरांनी कुमुदला चांगली साडी नेसवली, तिचा हात धरला आणि एकेक पायरी करत खाली उतरवलं. बेलपाशी त्यांचं बोट थांबलं. काय म्हणायचं ते त्यांनी सकाळपासून घोकलं होतं. ते सगळं विसरलं. मनगटावरची पट्टी हलकेच थरथरली, म्हणजे नाडी फार वाढली होती.

कुमुदने पुढे होऊन बेल दाबली.

दार उघडायला वेळ लागला. पन्नाशीच्या, जाडसर, गाऊनवर ओढणी घेतलेल्या एक बाई. डोळे लाल.

"मी वर राहतो," सर म्हणाले. "टिपणीस. या माझ्या... म्हणजे ही कुमुद."

"माहितेय ना," सिस्टर म्हणाल्या. "म्हणजे आवाज माहितेय. झोपत होते मी."

"हो. तेच. त्याबद्दलच जरा बोलायचं होतं. नसेल सोयीचं तर परत..."

"आता उठवलंयत तर या आत, काका. काकूंना उभं नका ठेवू."

आत एक पलंग, एक टेबल आणि औषधांचा वास. खिडक्यांना जाड पडदे. सर खुर्चीच्या टोकावर बसले आणि सायंतारा, सोमवार, समेट असं काहीबाही उलटसुलट सांगत सुटले. सिस्टर जांभया देत ऐकत होत्या.

"मला कळवलं पेटीने," त्या म्हणाल्या. "मी तक्रार केली नव्हती हां. एकदाही नाही. माझ्या पट्टीने केली. तुमचं ते झाड छाटलं तेव्हापण मला नंतर कळलं."

"तुमची झोप मोडते हे तर खरं."

"ते खरं आहे. खोटं कशाला बोलू? रात्रभर वॉर्डात बारा पेशंट असतात. सकाळी पडते तर वर अशोक गांगुर्डे." त्या पहिल्यांदाच जराशा हसल्या. "घसा बसल्यासारखा बोलतो तो."

सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपले ते आवाज खाली कोणी ऐकत असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते. कुमुद पलंगाच्या कडेला ताठ बसली आणि तिने पदर सारखा केला.

"अशोक गांगुर्डे."

"कुमुद, आत्ता नको. आपण दुसऱ्यांच्या घरी..."

"अशोक गांगुर्डे!"

"हजर," सर पुटपुटले. परक्या घरात, परक्या बाईसमोर, घोगऱ्या आवाजात. जमीन दुभंगेल तर बरं असं त्यांना झालं. बेबी निकम. चंद्रकांत लोखंडे. त्यांनी मान वर केली नाही. एकामागून एक नावं येत राहिली, आणि मग ते नाव आलं.

"लता शिरोळे."

"हजर."

"ती नाही बोलली. लता शिरोळे."

सरांच्या तोंडून दुसरा आवाज निघेना. कुमुद उठून उभी राहिली, आता ती ओरडणार होती.

"हजर, बाई," सिस्टर म्हणाल्या.

कुमुदने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग ती खाली बसली. "उशीर करू नको रोज," ती म्हणाली आणि पुढचं नाव घेतलं.

हजेरी संपली. 

"आवाजाने नाही मोडत माझी झोप," सिस्टर म्हणाल्या. "वॉर्डात मी बाकावर बसून झोपते, गाड्या आपटत असतात तरी. ही लता आली की मोडते. बाई हाक मारतात, मारतात, आणि वरून काहीच येत नाही. मग मी पडल्या पडल्या वाट बघत बसते. आलं का ते पोर? कोणी उत्तर देतंय का? एकदा तर अंथरुणातूनच दिलं मी उत्तर. पण ते वर कसं ऐकू जाणार?"

सर त्यांच्या मनगटावरच्या पट्टीकडे बघत होते. पट्टीने जाग मोजली होती. जाग कशाची, ते तिला कळायचं साधन नव्हतं.

"बघा, मग सोपं आहे," सिस्टर म्हणाल्या. "तिच्या वेळेला मला फोन लावा, मी हजर म्हणते आणि झोपते. ठर..."

"ठरलं म्हणू नका," सर जवळजवळ ओरडले. मग स्वतःच दचकले. "माफ करा. ठरलं की ते पेटीच्या ताब्यात जातं. मग उद्या ती त्यावर नवा व्यवहार काढेल. तुमच्या हजरचीही काहीतरी किंमत लावेल, आणि माझ्याकडे आता द्यायला काही नाही. ठरलं नाही तरच ही घरी राहते."

"म्हणजे काय? रोज भेटायचं आणि रोज काही ठरवायचं नाही?"

"हो."

"किती दिवस?"

सरांनी कुमुदकडे पाहिलं. "ते मला सांगता येत नाही."

सिस्टरांनी डोळे चोळले. "काका, मी थकलेय. चांगुलपणाला नाही म्हणत नाही, पण झोप मला खरंच हवी असते. रोज रोज नाही जमायचं कदाचित. पेटी मला काहीतरी चांगलं देईल, दार लावायला. देईल ना?"

"देईल," सर म्हणाले. यावर खोटं बोलणं त्यांना जमलं नसतं. "बरंच देईल. आणि तुम्ही घेतलंत तर तुमची चूक नाही."

"बघते," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांना दारापर्यंत पोचवायला आल्या.

*

गुरुवारी सकाळी चहा ठेवताना पेटी वाजली.

"कालच्या भेटीत आपल्याला तीव्र त्रास झाला," ती म्हणाली. "आजच्या भेटीच्या विचाराने आत्ताही होतो आहे. ही भेट टाळणारा एक प्रस्ताव आहे. सायंतारात रोज भेटीची परवानगी, खिडकी परत आणि सप्तपर्णीचं झाड. यंदा फुलं येऊ देता येतील."

सरांनी गॅस बारीक केला. झाड गेल्यावर त्याची किंमत त्यांच्या आत इतकी वाढली आहे, हे त्यांनाही माहीत नव्हतं. पेटीला सापडली होती.

"अहिरेबाईंना काय प्रस्ताव आहे?"

"ते सांगता येत नाही."

म्हणजे आहे. सरांनी चहा गाळला. आतल्या खोलीत कुमुद जागी होऊन साडीशी झटापट करत होती. आज पुन्हा ओली झाली होती. ती साडी सोडवताना तिची नखं त्यांच्या मनगटावर पट्टीच्या शेजारी उठली, आणि त्यांच्या अंगभर तोच जुना शहारा गेला. नको. पेटीने तो नक्की टिपला.

"प्रस्ताव स्वीकारला जाण्याच्या बेतात आहे," बाहेरून आवाज आला. "आपली तयारी पूर्णच्या जवळ आहे."

"नको आहे," सर खोलीतूनच म्हणाले.  "मला हे सगळं नको आहे, हे खरंच आहे. खाली जायचंही नको आहे. तू बरोबर मोजलंस. तरी मी जाणार आहे. समोरासमोर बोलणी चालू आहेत, असं लिही."

"नोंद केली. अकरापर्यंत भेट झाली नाही तर बोलणी संपल्याचं धरलं जाईल."

त्यांनी कुमुदला कोरडी साडी नेसवली. जिन्यात ती दोनदा थांबली, एकदा वर जायला निघाली. पितळी पाटीपाशी पोचेपर्यंत सरांच्या पाठीवरून घाम निथळत होता. आज बेल त्यांनीच दाबली.

आतून काही आवाज आला नाही.

पुन्हा दाबली. पडदे ओढलेले असणार. पेटीने रात्री काय देऊ केलं असेल? दिवसपाळी? वरच्या मजल्यावरची शांतता, कायमची? त्यांच्या जागी असतो तर आपण घेतलं असतं का? घेतलं असतं, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं. खालून बोरसे जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले होते, हात मागे बांधून.

पट्टी थरथरू लागली. कुमुदने पदर सारखा केला.

दाराआड कडी सरकल्याचा आवाज झाला. सिस्टरांनी दार अर्धवट उघडलं. केस विस्कटलेले, डोळे कालच्याहून लाल. त्यांनी सरांकडे पाहिलं, मग कुमुदकडे, मग भिंतीवर कुठेतरी, जिथे त्यांची पेटी असणार. दार त्यांनी हाताने धरून ठेवलं होतं. ते लावायचं की उघडायचं, ते अजून त्यांच्या हातात होतं.

मग त्या बाजूला सरकल्या.

"या," त्या म्हणाल्या. "काल आपलं कुठपर्यंत आलं होतं?"

"लता शिरोळेपर्यंत," सर म्हणाले.